सूत आणि मिलिमीटर

मराठवाड्यात ‘जीप’ हे कुठल्या कंपनीचं नाव नाही. बोलेरो आली तरी ‘जीप आली’, ट्रॅक्स आली तरी ‘जीप आली’. उंच असेल, मागं आडव्या सीटा असतील आणि डांबर संपल्यावरही पुढं जात असेल, तर ती जीप. ज्या अमेरिकी ब्रँडकडे या नावाचा ट्रेडमार्क आहे, त्याची कंपास नावाची गाडी २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला तयार होते. ती लातुरात कुणाच्या दारात उभी राहिली, तर लोक तिला कार म्हणतात. कागदावर मालकी कुणाचीही असो, शब्द आपल्याकडे कधीच मुरलाय.

तो कसा मुरला, हे मी पुस्तकात नाही तर गाडीखाली झोपून शिकलो. आमच्या घरी १९९० सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. फोर बाय फोर, डिझेल, ताडपत्रीचं हूड. काकांनी ती २००४ मध्ये सरकारी लिलावात घेतली. २०२५ मध्ये तिचं पासिंग संपणार होतं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, हे तिचं पाचवं नूतनीकरण. गाडी धूर ओकत होती, ब्रेकला पाय दोनदा मारावा लागत होता आणि फोर बाय फोर पडतच नव्हतं. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. काकांनी मला पुण्याला फोन केला, “इंजिनियर झालास ना? मग ये आणि सांग, ठेवायची का काढायची.”

मी कोड लिहितो. पण जुना कोड हातात आला की तो पुसण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लागते : हे असं का लिहिलंय? त्यामुळं ठेवायची का काढायची हे सांगण्याआधी ही गाडी अशी का आहे, ते बघायचं ठरवलं. पुढचं वर्षभर शनिवार-रविवार लातूरला जात राहिलो.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी दोन पेट्या उघडल्या. एकीत सुताचे पाने, दुसरीत मिलिमीटरचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चेसीचे, पाट्यांचे आणि बॉडीचे नट सुतात. इंजिनचे नट मिलिमीटरमध्ये. मिस्त्री म्हणाले, “भैय्या, इस गाडी में दो मुलुक हैं. ऊपर-नीचे अमरिका, बीच में फ्रान्स.” हे वाक्य मला तेव्हा गंमत वाटलं. नंतर कळलं, ते शब्दशः खरं आहे.

सुरुवात अमेरिकेपासून. १९४० च्या उन्हाळ्यात युरोप हिटलरच्या हाती जात होता. अमेरिकी लष्करानं शंभराहून अधिक कंपन्यांना कळवलं, की चारही चाकं ओढणारी एक हलकी गाडी हवी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या इंजिनियरला बोलावून तो मुदतीत दिला. पण लष्कराला हव्या तेवढ्या गाड्या बनवण्याइतकी बँटम मोठी नव्हती. मग काम गेलं विलीज-ओव्हरलँडकडे. विलीजचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचं होतं आणि स्पर्धेत सगळ्यात ताकदवान ठरलं होतं.

खरी महत्त्वाची गोष्ट यानंतर घडली. एकटी विलीजही पुरी पडणार नव्हती, म्हणून लष्करानं विलीजचीच रचना फोर्डलाही बनवायला लावली. अट अशी, की एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसला पाहिजे. फोर्डनं आपल्या बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ अक्षर कोरून समाधान मानलं, पण माप तेच ठेवलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. रणांगणात तीन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करता येत होती. आज आम्ही ज्याला ओपन स्टँडर्ड म्हणतो, ते इथं लोखंडात होतं.

ही रचना आपल्याकडे कशी आली, त्या गोष्टीत एक धागा थेट मराठवाड्याच्या जुन्या राज्यकर्त्यांपर्यंत जातो. २ ऑक्टोबर १९४५ ला जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. हे गुलाम मोहम्मद चाळीसच्या दशकात हैदराबादच्या निजाम सरकारचं अर्थखातं सांभाळून आलेले. तेव्हा नांदेड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातली बाजारपेठ. म्हणजे आमच्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्याचा हिशोब ज्या खात्यात लागत असेल, त्या खात्याचा हा माणूस. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. दरम्यान स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायचं काम सुरू झालं होतं आणि पन्नासच्या दशकात ते भाग इथंच बनवण्यासाठी विलीजशी करार झाला.

१९४८ हे साल जीपच्या दृष्टीनं विचित्र आहे. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा जीप खरेदीचा करार केला. आलेल्या १५५ जीप चालवण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून ज्याचं नाव घेतात, तो जुन्या गाड्या दुरुस्त म्हणून खपवण्याचाच होता. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या हद्दीत शिरलं आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आलं. तो दिवस आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

पुढची तीस वर्षं जीप म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. गटविकास अधिकारी, तहसीलदार, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, सगळे जीपमधून यायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं लांबून धूळ दिसली, की साहेब मापं घ्यायला आले असं समजायची. आमची गाडी याच वंशातली. रंग काढताना हिरव्याच्या खाली पांढरा थर लागला आणि पांढऱ्याखाली दारावर पुसट अक्षरं : ‘महाराष्ट्र शासन’. काका म्हणाले, “ते राहू दे.”

आता फ्रान्सकडे वळू. विलीजचं इंजिन पेट्रोलचं होतं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव कडाडले आणि पेट्रोलची जीप पोसणं अवघड झालं. महिंद्राकडे एक तयार उत्तर होतं. १९६३ पासून कांदिवलीत इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत बी-२७५ ट्रॅक्टर बनत होते. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. त्यामुळं आमच्याकडे जुने लोक अजून म्हणतात, की ट्रॅक्टरचा मिस्त्री जीप करू शकतो. पुढं महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचं तंत्र घेतलं. त्या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. चार म्हणजे चार सिलिंडर, नव्वद म्हणजे सिलिंडरचा ९० मिलिमीटर व्यास. क्षमता २,११२ सीसी, ताकद ६२ अश्वशक्ती. युद्धातल्या विलीजपेक्षा फक्त दोन जास्त. पन्नास वर्षांत ताकद वाढली नाही, खर्च कमी झाला. आपल्या गरजेचा एवढा सरळ हिशोब मी दुसऱ्या कुठल्या आकड्यात पाहिलेला नाही.

हे इंजिन अमेरिकी मापाच्या चेसीत बसवलं, म्हणून मिस्त्रींकडे पान्यांच्या दोन पेट्या. भारतानं १९५६ मध्ये कायदा करून दशमान मापं स्वीकारली. पण ज्या रचनेचा प्रत्येक भाग दुसऱ्या गाडीला बसला पाहिजे, तिथं एक नट बदलायचा तर सगळी साखळी बदलावी लागते. म्हणून सूत राहिलं. सॉफ्टवेअरमध्ये याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात आणि तिला नावं ठेवतात. मिस्त्री तिला ‘सामान मिळतंय’ असं म्हणतात.

गाडीत तीन दांडे आहेत. एक नेहमीचा गिअरचा. दुसरा पुढच्या चाकांना ताकद जोडतो. तिसरा ‘हाय-लो’चा. ‘लो’त टाकलं की चाकांवरचा जोर दुपटीहून जास्त होतो आणि गाडी माणसाच्या चालीनं सरकते. दुसरा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी लांब वाट चालतात. चिखलात हा फरक चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण क्रॉसवर आणि ट्रान्सफरच्या गिअरवर येतो. लिलावाआधी कुणीतरी ही गाडी डांबरावर फोर बाय फोरमध्ये भरपूर चालवली असावी. ट्रान्सफर उघडला तेव्हा गिअरचे दात बोथट झालेले होते.

ते गिअर लातुरात मिळाले नाहीत. नांदेडच्या एका शीख पार्टवाल्यांनी हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत फोन लावला. लष्कराच्या लिलावातलं सामान जोडून जीप बांधण्यासाठी ते गाव देशभर माहीत आहे. गिअर डबवालीहून लुधियानाला आणि तिथून त्यांच्या नातेवाइकांच्या पिशवीत सचखंड एक्स्प्रेसनं नांदेडला आले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी ही गाडी अमृतसर आणि नांदेड जोडते. तिच्यातून भक्तीबरोबर बेअरिंगही येतात, हे मला तेव्हा कळलं. दात बसले, पहिल्या फटक्यात. डबवालीच्या त्या माणसानं आमची गाडी पाहिलेली नव्हती. त्याला तिचं नाव पुरलं.

पण मराठवाड्यात चार चाकं ओढणारी गाडी कशाला लागते? इथं डोंगर कमी. बर्फ तर नाहीच. उत्तर जमिनीत आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. पाऊस पडला की ती टायरच्या नक्षीत भरते, चाक गुळगुळीत गोळा होतं आणि जागेवर फिरत राहतं. मागच्या दोन चाकांची गाडी इथं बैलजोडीनं ओढून काढावी लागते.

काकांनी फोर बाय फोर का घेतली, याचं उत्तर ते एका तारखेत देतात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. दगड-मातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर बसली, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. काका तेव्हा विशीत, औशाला राहायचे. भूकंपानंतर पाऊस लागला. ते जास्त सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, “ट्रक रस्त्यावर थांबायचे. जीप शेतातून जायची. पाणी, औषध, जे काय असेल ते जीपनं गावात जायचं, आणि येताना माणसं यायची.” अकरा वर्षांनी लिलावात ही गाडी दिसली, तेव्हा त्यांनी इंजिन चालू करून पाहिलं नाही. आधी तीन दांडे मोजले.

नव्वदच्या दशकात जीप सरकारच्या हातून लोकांच्या हाती आली. महिंद्राची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स काळी-पिवळी होऊन गावोगाव धावू लागली. ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं. जर्मन घराण्याचं इंजिन अहमदपूर, मुखेड, देगलूरच्या रस्त्यांवर दहाच्या जागी अठरा माणसं ओढत होतं. एसटी जिथं दिवसातून एकदा जायची, तिथं काळी-पिवळी भरली की सुटायची. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींचं कॉलेज तिच्या टपावर लटकणाऱ्या पोरांमुळं नाही, तर आत मिळणाऱ्या जागेमुळं पूर्ण झालं. धोकाही तेवढाच होता, हे विसरून चालणार नाही.

आणि आता काकांच्या प्रश्नाकडे. ठेवायची का काढायची?

काढण्याच्या बाजूनं बोलणारा कायदा मूर्ख नाही. या गाडीत एअरबॅग नाही, मागच्या आडव्या सीटांना पट्टे नाहीत, धडक शोषून घेणारी रचना नाही. झिजलेलं डिझेल इंजिन जो काळा धूर सोडतं, तो मागच्या सायकलवाल्या पोराच्या छातीत जातो. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच होत नाही. तहसीलच्या आवारातली जीप त्या दिवशी कायद्यानं संपली.

म्हणून आम्ही ठरवलं, की जे माणसाला मारू शकतं ते बदलायचं आणि बाकीचं सांभाळायचं. आधी ब्रेक. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळं आत पोकळी तयार होते आणि ब्रेकचा बूस्टर त्या पोकळीवर चालतो. डिझेलमध्ये ती झडप नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बोलेरोच्या अल्टरनेटरच्या पाठीवर तो असतो. लेथवर कंस बनवून तो अल्टरनेटर बसवला, बूस्टर लावला, पुढच्या चाकांना डिस्क आली. आता एकदाच पाय मारला की गाडी थांबते.

खरा वाद झाला इंजिनवर. मिस्त्रींचं म्हणणं, बोलेरोचं डीआय इंजिन टाका. सामान कुठंही मिळतं, हीटरची कटकट नाही. प्यूजोमध्ये डिझेल आधी सिलिंडरवरच्या एका छोट्या खोलीत फवारलं जातं. थंडीत ती खोली तापवावी लागते, म्हणून सकाळी हीटरचा खटका धरून थांबायचं. डीआयमध्ये फवारा थेट पिस्टनवर, खोली नाही, थांबणं नाही. तांत्रिकदृष्ट्या मिस्त्री बरोबर होते. पण आरसी बुकात इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं बजावलंय. काकांचं कारण वेगळं होतं : “हीटर धरून थांबायला मला वेळ आहे.”

इंजिनचं पूर्ण काम काढलं. बोअरिंग नांदेडला झालं, पुढच्या मापाचे पिस्टन बसले, पंप-नोझल तिथंच टेस्टिंगला लावले. लातूर-नांदेड रस्ता आता चौपदरी महामार्ग आहे. टेम्पोत ते लोखंडी धूड ठेवून जाताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. या गाडीला मी दुरुस्त करत नव्हतो. लातूरचा मिस्त्री, नांदेडचा पंप-नोझलवाला, लेथवाला, पार्टवाले, डबवालीचा अनोळखी माणूस, यांच्यात वाटून राहिलेली एक माहिती तिला दुरुस्त करत होती. जीप लोखंडामुळं टिकलेली नाही. लोखंड गंजतंच, आमच्या गाडीचा पत्रा तीन ठिकाणी कापून नवा लावलाय. ती टिकली, कारण १९४१ मध्येच तिला दुसऱ्याला बनवता येईल अशी ठेवली होती. जे दुसऱ्याला बनवता येतं, ते तिसऱ्याला उघडता येतं.

नव्या गाड्या चांगल्या आहेत. बीएस-६ चं इंजिन कमी धूर सोडतं, याबद्दल वाद नाही. पण तिचा संगणक ज्या चावीनं उघडतो, ती चावी गावात नाही. मिस्त्रींचा मुलगा स्कॅनर घेऊन बसतो. स्कॅनर दोष दाखवतो, आणि पुष्कळदा पुढचं पान फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर उघडतं. मी त्याच धंद्यात आहे. ते पान बंद ठेवणारे लोक माझ्यासारखेच कोड लिहितात. गाडी स्वच्छ असण्यासाठी ती बंद असायलाच हवी, असं कुठल्याही इंजिनियरिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. तो निर्णय धंद्याचा आहे, आणि १९४१ मध्ये लष्करानं नेमका उलटा निर्णय घेतला होता.

गाडी पास झाली. पीयूसीवाल्यानं नळी लावून आकडा दोनदा पाहिला. काकांना मी सांगितलं, ठेवायची, पण एका अटीवर. या वर्षात मी एक वही केली आहे. प्रत्येक नट सुतात की मिलिमीटरमध्ये, कुठला भाग कुठल्या गाडीचा बसतो, कुठल्या भागाला पर्याय नाही. ती वही गाडीसोबत राहील.

मिस्त्री वाचत नाहीत, त्यांना गरज नाही. त्यांच्या मुलानं मात्र वही दोन दिवस ठेवून घेतली, सगळ्या पानांचे फोटो काढले आणि परत देताना पट्टीनं एक नवा रकाना आखून दिला. वर लिहिलं होतं : ‘कुणाला विचारायचं’. पहिल्या ओळीत त्यानं वडिलांचं नाव टाकलं होतं. खालच्या ओळी आम्ही भरतोय.